जुन्या पिकअपची चाकं, क्राऊन-पिनियन आणि आपली काळी माती

जुन्या पिकअपला चाकं शोधायला निघालेला माणूस शेवटी डिफ्रन्सल, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, उघडून बसतो. हे मी आता इतक्या जणांचं बघितलंय की कोणी नुसतं 'भाऊ डिस्क मिळतील का रे कुठे' (डिस्क म्हणजे टायर चढतो ते लोखंडी चाक) एवढं विचारलं तरी मी आधी विचारतो, गाडी चालते कुठे आणि भरतोस काय. लोकांना वाटतं हा फाटे फोडतोय. पण चाक आणि एक्सल हे दोन वेगळे विषय नाहीतच, चाक उंच झालं की रेशो, म्हणजे इंजिनच्या किती फेऱ्यांना गाडी किती पुढे जाते तो हिशोब, बदलतो, रेशो बदलला की इंजिनची दमछाक बदलते, आणि मग क्लच जळाला की म्हणायचं गाडीच जुनी झाली.

माझी गाडी म्हणजे ९० च्या दशकातली महिंद्राची पिकअप, जीपच्याच घराण्यातली, मागे पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, साधं डिझेल इंजिन, टू व्हील ड्राइव्ह. अमळनेर तालुक्यात बोरीकाठी शेती आहे, कापूस मका, त्यामुळे गाडीचं काम ठरलेलं: शिवारातून माल डांबरी रस्त्यावर काढायचा, जिनिंगपर्यंत न्यायचा, येताना खत नाहीतर ढेप. मूळच्या डिस्क गंजून भोकं अंड्यासारखी लांबट झालेली, दोन डिस्कला तर रिबिटजवळ तडे गेलेले. तडा गेलेल्या डिस्कवर वेल्डिंग मारून देणारे भरपूर भेटतात, पण दीड टन माल भरून त्या चाकावर घाट उतरायची माझी छाती नाही. आणि नव्या डिस्कचं म्हणाल तर पार्टच्या दुकानात एवढ्या जुन्या मॉडेलचं नाव घेतलं की काउंटरवरचा पोरगा कॉम्प्युटरकडे न बघताच मान हलवतो.

मग सगळ्यांचा एकच सल्ला, अ‍ॅलॉय टाक. रुंद टायर टाक, गाडी मस्त दिसंल. दिसंल हो, लग्नात दिसंल. आपल्याकडची काळी माती ज्याने जूनमध्ये बघितलीय त्याला रुंद टायरचं कौतुक सांगू नका. पहिल्या दोन-तीन पावसांत वरचा वीतभर थर लोण्यासारखा होतो आणि खाली जमीन टणक असते, अशा वेळी बारीक टायर तो थर कापून खालच्या टणकाला जाऊन टेकतो आणि गाडी पुढे सरकते, रुंद टायर मात्र वरच्या वरच घसरत राहतो. जुन्या बैलगाडीचं चाक उंच आणि बारीक का असायचं त्याचं एक कारण हेच. दुसरी गोष्ट, आपली माती चिकट, ती टायरला गुंडाळत जाते आणि मडगार्डमध्ये ठासून बसते, रुंद टायरला तिथे आधीच जागा कमी, मग शंभर फुटांवर उतरून कोयत्याने चिखल काढत बसा. हां, श्रावणात सगळं शिवार पार खालपर्यंत भिजलं की बारीक टायरही रुततो, तेव्हा कुठलंच टायर कामाचं नाही, तेव्हा गाडी डांबरीवर उभी करून ट्रॅक्टरने माल काढायचा, यात कमीपणा कसला.

तर मी ठरवलं, उंच आणि बारीक. माझ्या गाडीला होते २१५/७५ आर १५, आणि मला हवे होते जुन्या पद्धतीचे ७.००-१५. गाडीच्या पुस्तकात दोन्ही साइझ छापलेल्या आहेत, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. २१५/७५ आर १५ चा हिशोब सोपा आहे, १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात २१५ च्या ७५ टक्के म्हणजे १६१ आणि थोडं, ते वर आणि खाली दोनदा धरा, झाले ७०३ मिमी. ७.००-१५ भरतो साधारण ७५०. म्हणजे उंची वाढली ४६-४७ मिमी, एक्सलखालची जागा वाढली त्याच्या निम्मी, २३ मिमी. बोटभर. पण पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा बोटभरानेच डिफ्रन्सलला घासत असतो.

आता डिस्क शोधणं. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती कोणी मुद्दाम करतो असंही नाही, विकणाऱ्यालाच माहीत नसतं. 'जीपची आहे, बसते' या वाक्यावर एक रुपया देऊ नका. पाच भोकं म्हणजे सगळी सारखी नसतात. भोकांच्या मध्यांवरून जाणारं जे वर्तुळ, त्याचा व्यास मोजायचा, त्यालाच पीसीडी म्हणतात, आणि पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोक येतच नाही म्हणून लोक अंदाजे टेप लावतात आणि चुकतात. सोपी पद्धत अशी, शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. मध्य सापडत नसेल तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेवढंच येतं. माझ्याकडे आले ८२ मिमी, म्हणजे १३९.७, इंचात साडेपाच, जुन्या जीपचं ठरलेलं माप, मारुती जिप्सीचंही तेच. ९४ आलं तर ते १६० चं चाक, जुन्या स्कॉर्पिओचं, आणि ६७ आलं तर ११४.३, ती कारची चाकं. सहा भोकांची चाकं, इसुझु डी-मॅक्सची किंवा फॉर्च्युनरची, तीही १३९.७ चीच असतात, पण भोकं सहा, म्हणून आकडा जुळला तरी उपयोग शून्य. मी खिशात व्हर्नियर घेऊन फिरायचो, भंगारवाले हसायचे, एका म्हाताऱ्या बाबांनी मात्र बघून बघून शेवटी पोराला आवाज दिला, 'आरे, त्यान्हागत मोजी ले पह्यले, मंग इक.'

पीसीडी जुळला म्हणजे संपलं नाही. मधलं मोठं भोक हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या गोल तुकड्यावर, बसलं पाहिजे, लहान असेल तर डिस्क बसणारच नाही आणि फार मोठं असेल तर सगळा भार स्टडवर, म्हणजे नट लागतो त्या बोल्टवर, येतो. त्यानंतर ऑफसेट. म्हणजे डिस्क जिथे हबला टेकते तो भाग चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे. शहरात जे बाहेर निघालेल्या चाकांचं फॅड आहे त्यात हा भाग आत सरकलेला असतो म्हणून चाक बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, आणि हब-बेअरिंगवर जो भार सरळ पडायचा तो आता तरफेने पडतो. रिकाम्या गाडीला काही कळत नाही. कापसाच्या सीझनला बेअरिंग बोलायला लागतं. स्पेसरचंही, म्हणजे हब आणि डिस्कच्या मधे घालायच्या जाड चकतीचंही, तेच, माल वाहणाऱ्या गाडीला स्पेसर नकोच, माझं मत एवढं स्पष्ट आहे.

अ‍ॅलॉयच घ्यायची असेल तर एक काम करा, चाक उलटं करून आतल्या बाजूला बघा, मॅक्स लोड म्हणून किलोचा आकडा असतो. मागच्या एक्सलवर गाडीचं स्वतःचं वजन आणि माल धरून समजा १८०० किलो येत असेल तर एका चाकाला ९००, आणि चाकावर जर ६९० लिहिलेलं असेल तर ते चाक कारचं आहे, तुमचं नाही. जपानी मालावर जेडब्ल्यूएल हा शिक्का असतो, ट्रक-बसच्या चाकावर तोच जेडब्ल्यूएल-टी असतो, ज्याला अ‍ॅलॉयशिवाय चैन पडत नाही त्याने तो 'टी' शोधावा. मी लोखंडी डिस्कवर थांबलो. खड्ड्यात डिस्क वाकली तर हातोड्याने सरळ होते, अ‍ॅलॉय तडकते.

नटचं एक सांगायचं राहिलं. लोखंडी डिस्कचा नट निमुळता असतो, तो भोकाच्या निमुळत्या बसणीत जाऊन चाक मध्यावर आणतो. अ‍ॅलॉयची बसण वेगळी असू शकते, काहींना गोल काहींना सपाट, त्यामुळे जुनेच नट आवळून चालत नाही. आणि फार जुन्या जीपच्या घराण्यातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. भंगारात चाक सोडवणारी पोरं सवयीने पाना फिरवतात, सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावतात, आणि सुटण्याऐवजी आवळत आवळत स्टड मोडतात. स्टडच्या टोकाला एल कोरलेला आहे का ते आधी बघायचं.

शोधायचं कुठे? आपल्याला धुळे आहे हे नशीबच म्हणायचं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना कापतात, त्यामुळे देशातलं कुठलंही जड वाहन कधी ना कधी तिथे बंद पडतंच आणि त्याच्या आजूबाजूला पाटेवाले, लेथवाले, प्रोपेलर शाफ्टवाले, सगळी जमात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. जळगावला अजिंठा चौफुलीकडे पण चक्कर मारली, खाली मालेगावलाही जाऊन आलो, शिरपूरवरून बिजासन घाट चढून इंदूरला माल बघायला जाणारेही आहेत. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी ही नावं सगळ्यांना माहीत, आणि जीपचं वेड असणाऱ्यांना मंडी डबवाली, हरियाणा-पंजाबच्या सीमेवरचं गाव, तिथे जुन्या जीपचे सगळे अवयव मिळतात असं म्हणतात ते खोटं नाही. पण लांबून फोटोवर डिस्क मागवू नका. फोटोत ऑफसेट दिसत नाही, तडा दिसत नाही, आणि ट्रान्सपोर्टचा खर्च डिस्कच्या किमतीला भिडतो.

मला मिळाल्या त्या मात्र यातल्या कुठेच नाही. पारोळ्याकडच्या एका खेड्यात गोठ्यामागे एक जीप उभी होती, मालक वारलेले, पोरं पुण्याला, घरात फक्त काकू. त्या म्हणाल्या, 'भाऊ, चाकं लई जाय पण गाडीले हात लावू नको, त्यासनी गाडी शे ती.' आता चाकं नेणार आणि गाडीला हात लावायचा नाही हे कसं जमवायचं, शेवटी गाडी जॅकवर घेऊन खाली सागाचे ओंडके लावून दिले, जीप अजून तशीच उभी आहे, उलट आधीपेक्षा जरा ऐटीत. डिस्क साडेपाच इंची पीसीडीच्या, भोकं गोल, तडा नाही. वाळू मारून साफ केल्या, प्राइमर, वर काळा रंग. खेड्यापाड्यात असे सांगाडे अजून पुष्कळ आहेत आणि भंगारवाला पोचायच्या आधी आपण पोचायचं असतं.

टायरबद्दल थोडक्यात. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, ३४१७ म्हणजे २०१७ चा ३४ वा आठवडा. दुकानात जुना पडून राहिलेला माल गळ्यात मारायला बघतात, तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका. एकाच एक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल असं कधीच नको, गाडी एका बाजूला ओढते. आणि जुन्या रिबिटच्या डिस्कला ट्यूब टाकाच, ट्यूबलेसचा हट्ट धरला तर रोज सकाळी हवा.

आता मुख्य गोष्ट. टायर ७०३ वरून ७५० झाला म्हणजे साधारण साडेसहा टक्के उंच. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढे जाते, म्हणजेच प्रत्येक गिअर साडेसहा टक्क्यांनी 'लांब' झाला. सपाटीवर बरं वाटतं, पण भरल्या गाडीला शेतातून बांध ओलांडून वर यायचं असेल तर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच द्यायला लागतो आणि तोच क्लच जाळतो. ब्रेकवरही तेवढाच परिणाम, ड्रम तोच आणि चाकाचा हात लांब झाला. ब्रेकचं सांभाळूनच घ्यायचं, पण लांब झालेल्या गिअरवर उपाय एकच, डिफ्रन्सलचा रेशो बदलणे.

आधी आपला रेशो किती ते माहीत पाहिजे आणि त्यासाठी काहीही उघडायची गरज नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर टेकलेलं, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या लांब दांड्यावर, खडूने रेघ मारायची. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवलं की आतलं क्राऊन, म्हणजे डिफ्रन्सलमधला मोठा गिअर, एक फेरा फिरतं, कारण दुसरं चाक थांबलेलं असतं. तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. पण पाच-सव्वापाच असा अंदाज नको, चाक २० वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा, माझे आले ४९ ला जरासे कमी, म्हणजे ४.८८. मिस्त्री लोक याला ८-३९ म्हणतात, पिनियनला, म्हणजे क्राऊनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, ८ दात आणि क्राऊनला ३९. विलीज कंपनीच्या लढाईतल्या जीपचा रेशो हाच, आणि नंतरच्या सीजे-३बी जीपचा ५.३८, म्हणजे ८-४३. मला तो ८-४३ हवा होता.

इथे सगळे म्हणायला लागले, पूर्ण एक्सलच बदल. जीपचा टाक, लष्करी जोंगाचा टाक, एकाने तर टाटा ४०७ ट्रकचा सुचवला. ऐकायला भारी वाटतं. पण पूर्ण एक्सल बदलणं म्हणजे काय काय बदलणं ते बघा: दोन चाकांमधलं अंतर वेगळं, पाट्याची बैठक वेगळ्या जागी म्हणून ती कापून परत वेल्ड करायची, आणि वेल्ड करताना पिनियनचं तोंड नेमकं किती अंशात वर ठेवायचं ते चुकलं की प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे वळणारे सांधे, वेगवेगळ्या कोनात फिरतात आणि गाडी पन्नासच्या पुढे थरथर कापते. शिवाय शाफ्टची लांबी, यू-बोल्ट, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या वायरी, ड्रम. आणि तो ४०७ वाला पीसीडी वेगळा म्हणजे चाकं परत शोधा! ज्याला खरंच जास्त वजन उचलायचंय, ज्याचे शाफ्ट तुटतायत, त्याने हे करावं. ज्याला फक्त रेशो हवाय त्याने आपलं हाउसिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं कवच, आपल्या जागेवर ठेवून आतला क्राऊन-पिनियनचा जोड बदलावा. दहातले सात-आठ जण जे एक्सल शोधत फिरत असतात त्यांना खरं तर जोड हवा असतो, असं माझं ठाम मत झालंय.

माझ्या बाबतीत हे जमण्यासारखं होतं कारण हाउसिंग डाना ४४ जातीचं. या जातीत क्राऊन ज्या केसवर बसतं ती केस दोन प्रकारची येते, ३.७३ पर्यंतच्या रेशोला एक आणि ३.९२ च्या पुढच्या रेशोला दुसरी. ४.८८ आणि ५.३८ दोन्ही पुढच्याच गटातले, म्हणून केस तीच चालते. चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे दाते मोजून घ्या, कुठे १०, कुठे १९, कुठे ३०, केस बदलायची वेळ आली तर ते जुळायला लागतात. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे, नाहीतर फोर टाकलं की दोन एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी, मरते.

जुना जोड घेताना काय बघायचं. एक, क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासलेले असतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, नंबर वेगळे दिसले की ठेवून द्या, कितीही स्वस्त असो, ते आयुष्यभर ओरडणार. दोन, दातांच्या टोकाला टवका उडालेला नको, दात निळा पडलेला नको, निळा म्हणजे तेलाविना तापलेला. पूर्ण एक्सल घेत असाल तर तळाचा बोल्ट काढून तेल बघा, दुधासारखं असेल तर आत पाणी गेलंय, चमचम असेल तर बेअरिंग खाल्लंय. हाउसिंग वाकलंय का ते बघायला ज्या गाडीचा एक्सल आहे तिचे मागचे टायर बघा, एकीकडूनच झिजलेले असतील तर समजून जा. आणि पाट्याच्या बैठकीजवळ नवं वेल्डिंग दिसलं तर का केलं ते विचारा.

ज्यांना खरोखर पूर्ण एक्सल बदलायचाय त्यांनी फुल फ्लोटिंग आणि सेमी फ्लोटिंग मधला फरक समजून घ्यावा, बाकी सगळं नंतर. सेमी फ्लोटिंगमध्ये चाक शाफ्टच्याच टोकाला धरलेलं असतं, म्हणजे शाफ्ट गाडी ढकलतोही आणि वजनही उचलतो, आणि तो तुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर निघून गाडीच्या पुढे पळतं. फुल फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगवरच्या हबने दोन बेअरिंगवर उचललेलं असतं, शाफ्ट फक्त फिरवतो, तुटला तरी चाक जागेवर राहतं. ओळखायचं कसं, फुल फ्लोटिंगच्या चाकाच्या मध्यातून हब बाहेर आलेला दिसतो आणि त्याच्या तोंडावर बोल्टचं कडं असतं, ते सोडलं की चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट ओढून काढता येतो. टाटा ४०७ च्या मागे हेच आहे. फार जुन्या जीपमध्ये आणखी एक तिसरा प्रकार, निमुळत्या शाफ्टवर चावी घालून हब बसवलेला आणि मध्ये मोठा नट, तो नट ढिला राहिला की चावी कापली जाते, आणि काढायला पुलर लागतो, हातोडा चालत नाही.

जोड बसवायला धुळ्याचे चाचा. वय झालंय, पण डिफ्रन्सलला दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. त्यांनी पिनियनच्या मागच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून मोजून ठेवल्या, नवीन बेअरिंग टाकले, मग दातांना शेंदूर-तेल लावून हाताने फिरवून ठसा बघितला, ठसा दाताच्या टोकाला गेला तर शिम बदलायची, मुळाशी गेला तर परत बदलायची, असं दुपारपर्यंत. मधे चहा आणि मालेगावच्या कुठल्या तरी नातेवाइकाच्या लग्नाची गोष्ट. दातांमधली मोकळीक डायल गेजवर ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास आणली. बरेच जण हे हाताने हलवून 'ठीक है' म्हणून सोडतात, आणि मग महिनाभरात गाडी हुंकार भरायला लागते. तेल साधं ईपी ९०. पहिले काहीशे किलोमीटर गाडी हलकी चालवायची, डिफ्रन्सलला हात लावून बघायचा, मग तेल बदलायचं, पहिल्या तेलात बारीक कीस येतोच.

फरक? आकड्यात सांगतो. साठच्या वेगाला टॉप गिअरमध्ये आधीच्या टायरवर इंजिन २२०० च्या आसपास फिरायचं, नुसते उंच टायर टाकले असते तर २०७० वर आलं असतं आणि चढाला गुदमरलं असतं, आता जोड बदलून २२८० च्या आसपास. म्हणजे आधीपेक्षा जरासं जास्तच ओढतं. मका भरून बांधावरून गाडी वर येते ती क्लच पूर्ण सोडून. हायवेला मात्र ओरडते, सत्तरच्या वर न्यावीशी वाटत नाही, आणि मला न्यायचीही नाही.

साक्रीचा माझा मावसभाऊ याच्या बरोबर उलट. त्याची त्याच घराण्यातली गाडी, पण तो कांदा भाजी भरून कोंडाईबारी उतरून सुरतेला जातो, शेतात त्याची गाडी जातच नाही. त्याच्या गाडीत कधीकाळी कोणीतरी ५.३८ चा जोड टाकलेला, तो त्याला नकोसा, रात्रभर इंजिन किंचाळतं म्हणतो आणि डिझेल पितं. त्याला मी सांगितलं, तुझ्यासाठी ४.८८ किंवा त्याहून खालचा. माझा जुना ८-३९ तो घेऊन गेला, केस तीच असल्यामुळे फार काम निघालं नाही. म्हणजे 'चांगला रेशो' असं काही नसतं, तुमचा रस्ता कुठला ते सांगा.

एव्हरेजबद्दल एक गंमत सांगतो कारण यावरून पारावर भांडणं होतात. उंच टायर टाकला की सगळे म्हणतात एव्हरेज पडलं. मीटर चालतं गिअरबॉक्सकडून, त्याला टायरची उंची माहीतच नसते. नुसते ७.००-१५ टाकले आणि मीटरवर १०० किलोमीटर पडले तर गाडी खरी १०६ च्या पुढे चाललेली असते. डिझेल १०६ चं जळलं, भागाकार १०० ने केला, मग पडणारच. आता माझ्या गाडीत रेशोही बदलल्यामुळे उलटं झालंय, मीटर तीन-साडेतीन टक्के जास्त दाखवतं. मी वहीत भागून लिहितो. घरचे म्हणतात, काबर एवढा हिशोब, डिझेल तर तेवढंच लागतं ना.

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल परस्पर करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच अधोरेखित केलं. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढची असली की दरवर्षी पासिंग, तिथे बाहेर आलेली चाकं पहिली दिसतात. त्यामुळे पुस्तकात नसलेली टायरची साइझ टाकण्याआधी किंवा दुसऱ्या गाडीचा एक्सल घालण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, मग पैसे घाला. अपघात झाला तर विमावाला सगळ्यात आधी हेच उकरतो. आणि जुना माल कुठूनही घ्या, भंगारातून घ्या नाहीतर कोणाच्या गोठ्यामागून, साधी का होईना सही असलेली पावती घ्या, कोणाच्या गाडीचं काय निघेल सांगता येत नाही. त्या काकूंनी अंगठ्याऐवजी सही केली आणि खाली तारीख पण घातली, मला म्हणाल्या, तू बी सही कर.

आता स्टेपनी तेवढी बाकी आहे. जीपवर चार डिस्क होत्या, पाचवी कोणीतरी आधीच नेलेली. सध्या मागे जुनी २१५ वाली लटकवलीय, पण ती मागच्या एक्सलला लावून लांब जाता येत नाही, एकीकडे उंच आणि एकीकडे बुटकं चाक असलं की डिफ्रन्सलच्या आतले छोटे गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात आणि तापतात. म्हणून मागे पंक्चर झालं तर पुढचं चाक काढून मागे लावायचं आणि बुटकं पुढे, दुप्पट काम, तेही नेमकं चिखलात. कोणाकडे साडेपाच इंची, पाच भोकाची १५ ची डिस्क पडलेली असेल तर कळवा, फक्त फोन करायच्या आधी दोन भोकांमधलं अंतर मोजून घ्या, ८२ आलं तर मी त्याच दिवशी निघतो.